पाखरांची पाथ

सकाळी वावरात जायला निघताना मी कोठीत हात घालते आणि मूठभर जवारी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधते. घरात हे कोणाला सांगितलेलं नाही. माझा मुलगा देविदास बघेल तर आधी हसेल, मग गप्प होईल, आणि त्याचं ते गप्प होणं मला आताशा सोसत नाही. म्हणून गाठ कमरेला खोचते आणि वरून शाल घेते. या वयात बाईनं कमरेला काय खोचलंय हे कोण विचारतं.

आमचं खालचं वावर नाल्याला लागून आहे. नाला पुढे पैनगंगेला मिळतो, आणि नदीच्या पल्याड टिपेश्वरचं राखीव रान. पल्याड महाराष्ट्र, अल्याड तेलंगणातलं आमचं तलमडुगु मंडल. माणूस नदी ओलांडतो तेव्हा बसचा रंग बदलतो, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बदलतात. जनावराला असलं काही दिसत नाही. दिवाळी झाली, पाणी उतरलं, की त्याला ही सगळी एकच जमीन.

जनावर म्हणजे कोणतं ते इथे एकदाच लिहिते, वाघ. घरात बसून लिहिते आहे म्हणून लिहिते. वावरात त्याचं नाव घ्यायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे. आम्ही 'मोठा' म्हणतो, नाहीतर नुसतं 'जनावर'.

मागल्या साली कापूस वेचणीच्या दिवसांत नाल्याच्या चिखलात त्याचं पाऊल दिसलं. वनखात्याचा बीट गार्ड आला. उटनूरकडचा, तेलुगू बोलणारा, पण आमच्यात राहून मराठी शिकलेला गुणी मुलगा. पावलाशेजारी बसला, बराच वेळ बघत राहिला, मग उठून हळूच म्हणाला, "अक्का, पेद्दापुली आहे."

आमची शेजारीण यमुना त्याच्यासोबत होती, हे सगळं तिनंच घरी येऊन सांगितलं. गावात हिच्या जिभेला धार लावायची गरज नाही. ती म्हणाली, "तेलुगूत घेतलं तं नाव घेतल्यावानी होत नाई. घे बापा, तू घे."

तो हसला नाही. म्हणाला, "एकट्यानं जाऊ नका. वाकून वेचणारी बाई त्याला बाई दिसत नाही, चार पायांचं काही दिसतं. बोलत राहा, गाणी लावा. ऊन उतरायच्या आत घरी या."

तेव्हापासून आमच्या बायका गळ्यात फोनची पिशवी अडकवून कापूस वेचतात आणि फोन मोठ्यानं गात असतो. मजुरीच्या बायकांनी खालच्या वावरात यायला नकार दिला. त्यांचं काय चुकलं? पण फुटलेलं बोंड कोणासाठी थांबत नाही. दव पडलं की कापूस लोंबतो, दोन दिवसांत मातीत. शेवटी माझी सून शोभा आणि यमुना, दोघीच जायला लागल्या. मला लेक नाही. देवानं दिली नाही, देविदासनं आणून दिली, ती ही शोभा. ती पाठमोरी वावराकडे जायला लागली की माझ्या हातातलं निवडणं थांबायचं. एक दिवस मी चप्पल घातली.

"तुमी येऊन काय करान, माय?" शोभानं विचारलं.

"बसीन."

"बसाले घर नाई का?"

"घरात बसून मले तू दिसत नाई."

यमुना म्हणाली, "चाला मावशी. मोठा आला तं आधी तुमच्याशी बोलन. तोवर आमी पळतो."

किती सालांनी मी त्या बांधावर उभी राहिले. गुडघ्यांनी मला वावर सोडायला लावलं होतं. बेहड्याचं झाड होतं तसंच होतं, खोडावर तोच काळपट डाग, त्याखाली तीच फळं पडलेली, करड्या मखमलीची. मी एक उचलून नखानं खरवडलं, नाकाशी नेलं. आणि बघा, मग माझं काही खरं राहिलं नाही.

त्या वासात माझी आत्या बसलेली असते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लहानपणी जवारी निसवली, कणसं बाहेर आली, की मला तिच्याकडे आणून सोडायचे, राखणीला. पुढे तिच्याच मुलाला मला दिली. आत्याची सासू झाली, पण मी तिला शेवटपर्यंत आत्याच म्हटलं. ह्या बेहड्याला टेकून तिचा माळा असायचा. तीन खांब आणि चौथा खांब म्हणजे हे झाड. वर तुराट्या अंथरलेल्या, त्यावर गोधडी. शिडी चढताना हाताला जवारीच्या पानाची धार लागायची आणि मग दिवसभर घामानं चुरचुरायचं. कणसातला तो पिवळा भुकटा नाकात जायचा. खाली शेणी धुमसत असायच्या, वर धूर, धुरात भाकरीचा वास, आणि भाकरीला जवारीच्या कोवळ्या ताटाचा गोडसर वास. आता सगळी जवारी डोळ्यांपुढे हलते, पण तिचा आवाज कसा लिहावा मला कळत नाही. नवं लुगडं नेसलेल्या पुष्कळ बाया एकाच वेळी उठून उभ्या राहिल्या तर होईल, तसा काहीसा.

माझ्या हातात अंबाडीची गोफण. बाजूला मातीच्या वाळवलेल्या गोळ्या. पोपट उतरले की कणीस नुसतं हलत नसे, कुरकुरायचं. मग मी उठायची, गोफण फिरवायची, आणि 'हाऽऽ हो' अशी हाळी द्यायची. ती हाळी पुढच्या वावरातली पोरगी उचलायची, तिच्याकडून पुढची, आणि अशी ती नदीपर्यंत जायची. पोपट उठले की मुनिया बसायच्या, मुनिया उठल्या की होले. सुगरणी तर ऐकायच्याच नाहीत. विहिरीवरच्या बाभळीला त्यांचे खोपे, इतके की पाण्यात वाकून बघितलं तर विहिरीलाच खोपे लागल्यासारखे दिसायचे. दिवसभर ओरडून माझा घसा बसायचा. आत्या गूळ द्यायची आणि म्हणायची, "बस, आता पाखरं तुले पोपटीन समजतीन."

आणि गंमत ऐका. इतकं हाकलून, कापणीच्या वेळी आत्या नाल्याच्या बाजूची शेवटची पाथ ठेवून द्यायची. पाथ म्हणजे कापणाऱ्या बाईच्या वाट्याला येणारी ओळ, बांधापासून बांधापर्यंत. सगळ्या वावराची जवारी आडवी व्हायची आणि ती एक पाथ उभी राहायची, कणसांसकट. कोणी तिला विळा लावायचा नाही. पाखरांची पाथ. आमच्या बाजूच्या सगळ्याच वावरांत तेव्हा अशी पाथ असायची.

मला पहिल्या साली फार राग आला होता.

"दिवसभर हाकलते अन् आता जेवाले बसवते?"

"हाकलते ते आपल्या पानातून," आत्या म्हणाली. "त्याईचं पान येगळं वाढलं आहे."

"काऊन वाढाचं पन?"

"राखनीचं. सारा हिवाळा नाल्याच्या तोंडावर कोन बसन? तू बसशीन?"

मी नाल्याकडे बघितलं. तिथे झाडी इतकी दाट, की भर उन्हात आत अंधार असायचा.  पुढे मी त्या पाथीबद्दल कधी कुरकुर केली नाही.

कारण पाथ भरलेली असली की पाखरं तिथून हलत नसत. कणसाला होले आणि मुनिया, खाली पाचोळ्यात सातभाई, तारेवर कोतवाल. त्यांच्या पाठीशी नाला. नाल्यात काही हललं की सगळ्यांत आधी त्यांना कळायचं, त्यांच्याकडून आम्हांला. टिटवीचं फारसं मनावर घ्यायचं नाही, ती बेडकाला बघूनही ओरडते. कोतवाल किंचाळला तर वर बघायचं, शिकरा असतो. पण सातभाई एकदम उसळून फांद्यांवर चढले, शेपट्या उडवत खाली बघून भांडायला लागले, तर ते जमिनीवरच्या कोणाशी तरी भांडताहेत. त्यात पलीकडून वानर खोकललं, की मग शंका ठेवायची नाही.

असं झालं की कापणीची सगळी रांग एकदम सरळ व्हायची. पळायचं नाही, ओरडायचं नाही. विळा जमिनीवर ठेवायचा, धार आपल्याकडे करून. डोक्यावरचा पदर सावरायचा, घरात कोणी मोठं माणूस आलं की सावरतो तसा. मग आत्या पुढे व्हायची आणि नाल्याकडे तोंड करून, मोठ्यानं नाही, हळूही नाही, नेहमीच्या आवाजात म्हणायची, "तुही वाट तुले, आमची आमाले." बस. आणि सगळ्या उभ्या. सातभाईंचं भांडण नाल्यानाल्यानं खाली सरकत जायचं, बोराटीशी, मग जांभळापाशी, मग नदीकडे बारीक होत होत विरायचं. तेव्हा विळे उचलायचे. जो गेला तो आम्हांला कधी दिसला नाही. मला कधीच दिसला नाही. पण तो कुठून कुठे गेला हे लेकरालाही मातीत रेघ ओढून दाखवता आलं असतं.

ओरडण्याची भीती नव्हती. भीती गप्प होण्याची होती. सगळं रान बोलत असताना मधेच मिटलं, तर समजायचं, तो चालत नाही, बसला आहे. एका दुपारी असं झालं. आमच्या शेजारच्या काशीबाईची गाय नाल्यात उतरलेली होती, आणि होले, सातभाई, सगळे एका दमात गप्प झाले. जवारीसुद्धा हलली नाही. गाय परत आली नाही. तिच्या गळ्यातली घंटा मात्र आम्हांला ऊन उतरेपर्यंत ऐकू येत राहिली. थोडी वाजायची. थांबायची. परत थोडी वाजायची. काशीबाई बांधावर बसून तोंडात पदर धरून ऐकत होती, आणि आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. ती घंटा मला अजून कधी कधी ऐकू येते, भांडी घासताना, बस लांबून येताना.

मग पऱ्हाटी आली, कापसाचं पीक. कधी, कशी, काय सांगू? आधी वरच्या वावरात आली, मग मधल्या, मग जवारीला फक्त एक पट्टा उरला आणि तोही गेला. ताटात भाकरीच्या जागी रेशनचा भात आला. आत्या होती तोवर पऱ्हाटीच्या कडेलाही ती एक पाथ पेरायला लावायची. आत्या गेली त्या साली पाथ पेरली नाही. कोणी 'नको' म्हटलं नाही. नुसती पेरली नाही. माळ्याचे खांब गोठ्याला लागले. गोफण मी आड्याला टांगली होती, ती उंदरांनी नेली.

पाखरं कधी गेली तेही कळलं नाही. पाहुणे सांगून जातात, ही सांगत नाहीत. विहिरीवरचे खोपे एका साली कमी दिसले, पुढच्या साली जुनेच लोंबत होते, मग तेही पाण्यात पडले. माळावर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडं उतरायची, त्यांच्या पंखांचा आवाज घरात ऐकू यायचा, कोणीतरी घोंगडी झटकतंय असा. मला त्या आवाजाची किळस यायची. आता माळावर ढोर पडून राहतं, कुत्री येतात, वास गावावर बसतो, आणि आभाळ मोकळं. मी कधी कधी त्या मोकळ्या आभाळाकडे बघते आणि मला ती किळस परत हवी असते.

तर मी मागल्या सालची गोष्ट सांगत होते. बेहड्याखाली पोतं अंथरून मी बसले. समोर पऱ्हाटी, माणसाच्या छातीइतकी, थेट नाल्याच्या काठापर्यंत. शोभा आणि यमुना वाकल्या की नुसत्या हिरव्यात बुडायच्या. फोन गात होता. कोणीतरी तेलुगूत प्रेमात पडलं होतं आणि ढोल बडवून सगळ्यांना सांगत होतं.

"शोभा, ते बंद कर वं थोडं," मी म्हटलं.

"गार्डानं लावाले सांगलं ना, माय."

"सांगलं. पन मले काई ऐकू येत नाई."

"ऐकाचं काय आहे इथं?"

"तेच पाहाचं आहे."

तिनं बंद केलं. यमुना म्हणाली, "घ्या. आता मोठा येऊन इचारन, गानं काऊन बंद केलं." आम्ही तिघी हसलो. मग हसणं संपलं आणि मी कान दिला.

काही नव्हतं. बोंडातून कापूस ओढण्याचा बारीक आवाज, शोभाच्या बांगड्या, लांब कुठेतरी मोटार. नाल्यातून काहीच नाही. एक होला नाही, एक सातभाई नाही. मी आठवणीतलं गप्प आणि हे गप्प जुळवून बघत होते, आणि ते जुळत नव्हतं. तेव्हाचं गप्प म्हणजे श्वास रोखून धरलेलं घर होतं. हे रिकामं घर होतं. मी सुनेला म्हटलं, "लाव तुहं गानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभा पुढे होती. बेहड्याजवळ ती थांबली आणि मागे न बघता हात आडवा केला. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. आदल्या दिवशी मी जिथे पोतं टाकून बसले होते, त्याच्या पाठीमागून पावलं गेली होती. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून, सरळ, घाई नसलेली. पावलांच्या कडेला कापसाची पुंजकी पडली होती, दुपारी शोभाच्या ओटीतून सांडलेली. एक पुंजकं पावलाखाली दाबलं गेलं होतं. पावलावर पुंजकं नव्हतं, पुंजक्यावर पाऊल होतं. म्हणजे कापूस सांडल्यानंतर तो आला, पण आम्ही निघाल्यावर, की आम्ही तिथेच होतो तेव्हा, हे त्या मातीनं सांगितलं नाही.

यमुना मागून येत होती. पावलं पाहून तिनं शोभाचा दंड धरला.

शोभा हळूच म्हणाली, "पाखरं काऊन नाई बोलले, माय?"

मी तिला सबंध वाटेत आत्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आता मला तिला उत्तर द्यायचं होतं. "असतीन तं बोलतीन," मी म्हटलं.

त्या सालची वेचणी कशी पार पडली ते मी सांगत नाही. पार पडली. उन्हाळ्यात मी देविदासला म्हटलं, नाल्याच्या काठानं एक पाथ जवारीची टाक.

"माय, एक पाथ जवारी म्हणजे रोह्याईले पत्रिका," तो म्हणाला. "रोही येतीन, डुकरं येतीन. अन् त्याईच्या मागं कोन येईन?"

तो खोटं बोलत नव्हता. रोही, म्हणजे नीलगाय, कळपानंच पिकात शिरते. तेवढ्यात चुलीकडून शोभा बोलली, "तो येऊनच राह्यला ना. निदान येऊन राह्यला हे कोनी सांगन तं खरं."

"पाखरं सांगतीन?"

"वेचाले मी जाते," ती म्हणाली, "मंग पाथ बी मीच मांगते."

दुकानातलं बी औषध लावून रंगवलेलं असतं, लालगुलाबी. ते पाखरांच्या पुढ्यात कसं टाकणार? जेवायला बोलावून विष वाढल्यासारखं. यमुनाची बहीण नार्नूरला असते, तिच्याकडे अजून घरची जवारी होती, चुलीच्या धुरात टांगून ठेवलेली कणसं. ती यमुनानं आणली, पेरून उरली ती आमच्या कोठीत ठेवली. पेरताना शेजारच्या वावरातली माणसं बांधावर येऊन बघून गेली. "म्हातारी पाखराईची पंगत घालून राह्यली," म्हणाली. घालू दे, असंही त्यांनीच म्हटलं.

पाऊस झाला, पाथ वर आली, पऱ्हाटीच्या डोक्यावरून उंच. निसवली. भरली. दाणा मोत्यासारखा. आणि कोणी आलं नाही.

रोज मी जायची, बघायची. पानं वाढलेली आणि पंगत रिकामी. मला रात्री डोळा लागेना. इतक्या उशिरा बोलावल्यावर कोणी का येईल? आपण मेलो असं समजून ती निघून गेली असतील, असं काहीबाही मनात यायचं. मग एका सकाळी कणसावर दोन मुनिया होत्या. फक्त दोन, आणि त्याही अशा बसलेल्या, जणू आता कोणी हाकलेल. मी बेहड्याच्या आड उभी राहिले. पदर तोंडावर धरला, माझा श्वास त्यांना लागू नये म्हणून. पुढच्या आठवड्यात होले आले. आणि मग दिवाळीच्या मागेपुढे पाचोळ्यात ती ओळखीची कचकच, सातभाई, वाटणीवरून भांडणाऱ्या भावांसारखे. शोभा त्यांना पहिल्यांदा नीट बघत होती. म्हणाली, "हे तं यमुनामावशीवानी बोलतात."

"माह्यावानी असतीन तं गावाची काळजी मिटली," यमुना म्हणाली.

मग ती दुपार. वेचणी सुरू होती, फोन गात होता. मी पोत्यावर. पाथीतून सातभाई एकदम उसळले.

मी काही बोलायच्या आत गाणं थांबलं. शोभानंच फोन दाबला होता. ती पऱ्हाटीतून सरळ उभी राहिली, कमरेला कापसानं फुगलेली ओटी. यमुनाही उभी राहिली. सातभाई फांदीवर चढले होते आणि खाली बघून भांडत होते. पलीकडच्या काठावरून एक वानर खोकललं. मला वाटलं होतं की हा आवाज परत ऐकला तर मला आनंद होईल. मी बेहड्याचं खोड घट्ट धरून उठले.

भांडण सरकायला लागलं. बोराटीशी आलं. मी मनात म्हटलं, आता जांभळाकडे, आता नदीकडे. ते नदीकडे गेलं नाही. वळलं. नाल्याच्या बाहेर, वर, गाडीवाटेच्या कडेनं, जिथून आम्ही रोज घरी जातो तिथे. आणि त्या वाटेवरच्या पळसापाशी पोचून सगळं एकदम गप्प झालं.

ते गप्प मी ओळखलं.

"आता?" शोभानं विचारलं. आवाज अगदी लहान.

"आता उभं राहाचं."

तिनं डोक्यावर पदर घेतला. हातात विळा नव्हता, म्हणून कापसाची मूठ होती तीच खाली ठेवली. आणि पळसाकडे तोंड करून, मोठ्यानं नाही, हळू नाही, म्हणाली, "तुही वाट तुले, आमची आमाले." मी तिला ते शब्द सांगितले होते, पण तो सूर सांगितला नव्हता. सूर कसा सांगणार? तो आत्याचा होता.

आम्ही उभ्या राहिलो. ऊन पऱ्हाटीच्या शेंड्यांवर आलं. यमुनाचे ओठ हलत होते. पळस हलला नाही. पाथीतल्या मुनिया कणसाला धरून बसलेल्या, दाणा न फोडता. शेवटी मी म्हटलं, गाडीवाट नको. शेजारच्यांच्या वावरातून, विहिरीच्या अंगानं चला, एकमेकींना धरून. त्या दिवशी वेचलेला कापूस आम्ही तिथेच बेहड्याखाली सोडला.

सकाळी देविदास आणि गार्ड बघून आले. देविदास घरी येऊन पाणी प्याला आणि मग बसला. पळसाखालचं गवत दाबलेलं होतं. मोठा तिथे बराच वेळ बसला होता. गार्डानं गवत कोणीकडे लवलंय ते बघून सांगितलं, तोंड वावराकडे होतं.

देविदासनं पुढे पाथीबद्दल एक शब्द काढला नाही. शेजारच्यांनी विचारलं, पुढच्या साली ते बी आम्हांला मिळेल का.

पण पुढचं साल पुढे आहे. आता पौष संपत आला. पऱ्हाटीला अजून बोंडं आहेत, शेवटची वेचणी बाकी आहे, आणि पाथ सरत आली. रोज गेल्यावर मी आधी ती बघते. नदीकडची कणसं कधीच पोकळ झाली, नुसती भुसाची टोकं वर. मधलीही. भरलेली आता फक्त बेहड्याजवळची. काल सातभाई इकडेच होते, तिकडच्या अर्ध्या नाल्यावर कोणी नव्हतं. परवा सकाळी मी आले तेव्हा तर माझ्या पायांचा आवाज मला मोठा वाटला. पानातलं संपलं की पाहुणा हात धुतो. त्याला कोण अडवणार?

म्हणून ही पदराची गाठ. आज मी पाथीच्या पोकळ टोकाला गेले, शोभाची पाठ वळलेली बघून. बसले आणि गाठ सोडून जवारी पाचोळ्यावर टाकली. तिथे आधीच जवारी होती.

आमच्या कोठीतलीच, जुन्या बुरशीचा काळा ठिपका असलेला दाणा मी कुठेही ओळखीन. पाचोळ्यावर नीट पसरलेली, कोंबड्यांना टाकतो तशी नाही, ताटात वाढतो तशी. मी मागे पाहिलं. शोभा पऱ्हाटीत उभी होती. तिच्या लुगड्याच्या पदराचं टोक चुरगळलेलं होतं, गाठ नुकती सोडल्यासारखं. तिनं माझ्या पदराकडे पाहिलं, मी तिच्या.  कोठीत किती उरली आहे हे दोघींना ठाऊक आहे.

ती परत वाकली. फोन तिच्या गळ्यात होता, बंद. मी पोत्यावर येऊन बसले. नाल्याच्या तोंडाशी एक होला उतरला, दोन पावलं चालला, मान वर केली, आणि दाणा न उचलता तसाच थांबून राहिला.